नाव सांगितलं की गुण जातो

वाशिंद, १० फेब्रुवारी २०२५

आबा,

नमस्कार केला असं समजा. प्रत्यक्ष केला असता तर तुम्ही पाय मागे घेतले असते, काल घेतलेत तसे.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि समोर आले तर तुम्ही बोलत नाही, म्हणून हे पत्र. आत्या म्हणाली, "लिही तू. चष्मा लावंल पन वाचंल. कागद फाडायची सवय नाय त्याला." तुमच्या लेकीला तुमची खात्री आहे. नातीची काल थोडी डळमळली होती.

चूक माझीच. रविवार होता, अंगण हाडं बसवून घ्यायला आलेल्या माणसांनी भरलेलं, कोणाचा हात गळ्यात, कोणाचा पाय फळीवर, आणि त्या सगळ्यांच्या देखत मी विचारलं, "आबा, पुडीत तुम्ही काय काय घालता?" तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की जणू मी तुमचं धोतर ओढलं. मग खाटेवरून उठलात, आत गेलात, आणि मी निघेपर्यंत बाहेर आला नाहीत. आईनं वाटेला लावताना एवढंच म्हटलं, "कशाला इचारलंस गो? आजवर कोनी इचारलं नाय."

खिशात एक कागद होता, आबा. त्या कागदानं माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. काय होतं त्यात ते आता सांगते.

जानेवारीतली कबड्डीची स्पर्धा तुम्हाला ठाऊक आहे. अंतिम सामन्यात माझ्या शेवटच्या चढाईनं आपण जिंकलो आणि बाबांनी मुरबाडच्या जीप स्टँडवर पेढे वाटले, इथवरचं सगळं तुम्हाला ठाऊक आहे. पुढचं मी घरी सांगितलं नव्हतं. मैदानातून बाहेर येताच कोटवाल्या एक बाई माझं नाव घेत समोर आल्या. म्हणाल्या, लघवीची तपासणी आहे, आता तुम्ही माझ्या नजरेआड व्हायचं नाही. त्या खरंच नजरेआड झाल्या नाहीत. संडासातसुद्धा समोर उभ्या राहिल्या. तुम्हाला हे लिहायला लाज वाटते, पण माझं म्हणणं खरं धरायचं तर तुम्हाला हे कळायला हवं. दोन बाटल्या होत्या. झाकण एकदा फिरवलं की दात बसतात, मग फोडल्याशिवाय ते उघडत नाही. ती झाकणं मी माझ्या हातानं फिरवली.

मग त्यांनी एक कागद पुढे केला. गेल्या आठवड्यात जी जी औषधं घेतली ती लिहा. मी रक्तवाढीच्या गोळ्या लिहिल्या आणि पेन थांबलं. तुमची पूड माझ्या पिशवीत होती, लाल फडक्यात बांधलेली. घोटा मुरगळला तेव्हा तुम्ही कामट्या बांधून, पाला लावून दिली होती तीच. सकाळी सामन्याला जाताना गरम पाण्यातून घेतली होती आणि घोटा माझा नव्हेच असा हलका झाला होता. पण लिहू काय? तुम्ही लहानपणापासून कानात भरलंय, पैसा घेतला की गुण जातो, नाव सांगितलं की गुण जातो. नुसतं 'आजोबांची पूड' लिहिलं असतं तरी त्या बाईंनी पुढचा प्रश्न विचारला असता. घोटा नुकता जुळलेला, पुढच्या महिन्यात पुन्हा सामने. म्हटलं, कशाला उगीच गुण घालवा. सही केली आणि आले.

आता त्यांचं पत्र आलंय. माझ्या लघवीत ट्रामाडॉल सापडलं.

मला तर आधी तो एखादा आजारच वाटला. आमच्या प्रशिक्षकांनी सांगितलं, वेदना मारायची गोळी आहे. ऑपरेशन झालेल्याला, हाड मोडलेल्याला डॉक्टर चिठ्ठीवर लिहून देतात. अफूच्या नात्यातली, म्हणून सवय लावते. खेळाडूंना स्पर्धेच्या दिवशी गेल्या वर्षापासून बंद. ते म्हणाले, ही तुझ्या पोटात कशी गेली ते दाखवता आलं नाही तर दोन वर्षं मैदान बंद. आबा, दोन वर्षांत माझ्या जागेवर दुसरी पोर येईल आणि तिचं नाव सगळ्यांच्या तोंडात बसेल. मला कबड्डीशिवाय दुसरं काही येत नाही. भाकरीसुद्धा गोल होत नाही, हे तुम्हीच चारचौघांत सांगता.

मी तपासणीवाल्यांच्या कार्यालयात फोन करून भांडले. म्हटलं, बाटल्यांची अदलाबदल झाली, कोणीतरी वरून काही टाकलं. तिथल्या बाई शांतपणे म्हणाल्या, "वरून टाकलं असतं तर नुसती गोळी सापडली असती. गोळी पोटात गेली की यकृत तिचं रूप बदलतं. तुमच्या लघवीत ते बदललेलं रूपही आहे. ते फक्त माणसाच्या अंगात तयार होतं." माझ्या अंगातून काहीतरी गेलं आणि मलाच पत्ता नाही. तेव्हापासून माझी भूक मेली आहे.

त्या रक्तवाढीच्या गोळ्या आणि पूड सोडून मी दुसरं काही घेतलं नव्हतं, म्हणून तुम्हाला विचारलं. तुमच्यावर संशय म्हणून नव्हे. तुमच्या औषधावर मी संशय घेईन? दिवाळीत तुम्ही इथे आत्याकडे राहायला आलात आणि पूड घरी विसरलात, आठवतंय ना? दुसऱ्याच दिवशी जांभया काय, नाक काय गळतंय, घामानं बंडी भिजलेली, पाय आपोआप झटकताय, संडासाच्या खेपा. आत्या दवाखान्यात न्यायला निघाली होती. बाबांनी जीपनं पूड आणून दिली, चिमूटभर घेतलीत, आणि तासाभरात उठून चकली मागितलीत. आत्याचे मालक म्हणाले, "याला म्हणतात औषध." ही गोष्ट मी आमच्या सगळ्या संघाला सांगितली आहे. आणि सकुबाई. तिचा हात केव्हाच जुळला, तरी म्हातारी दर रविवारी नारळ घेऊन हजर. आम्ही हसायचो, की हिला हाताचं दुखणं नाही, आबांचं दर्शन लागतं.

तर एवढंच करा. कोणकोणती मुळं घालता त्यांची नावं मला लिहून पाठवा. मी ती त्यांना देईन, पूड निर्दोष ठरेल, मग खरा चोर शोधता येईल. सोबत तिकीट लावलेलं पाकीट आहे.

तुमची भांडकुदळ,
निशिगंधा


वाशिंद, १५ फेब्रुवारी

आबा,

पाकीट आलं नाही. असू दे. आज रागावायचा दिवस नाही.

तुमची पूड साफ आहे. मी स्वतः तपासली.

माझ्या संघातल्या कविताच्या ओळखीनं तपासणीच्या पट्ट्या मिळाल्या. अफूच्या जातीचं काही पोटात असेल तर त्या ओळखतात, असं ती म्हणाली. काल संध्याकाळी मुद्दाम तुमची पूड घेतली, अगदी तुम्ही सांगता तशी, गरम पाण्यातून, पूर्वेकडे तोंड करून. आज सकाळी पट्टी बुडवली आणि देवाचं नाव घेत बसले. दोन रेघा उमटल्या. यात दोन रेघा म्हणजे काही नाही, आणि एकच उमटली तर सापडलं. आत्याला हे कुठलं माहीत? ती मागून आली, दोन रेघा बघितल्या आणि मोरीच्या दारातच खाली बसली. "निशे, कोन हाय तो?" मला आधी कळेचना. मग कळलं की तिला दुसऱ्याच पट्टीची आठवण झाली आहे. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी पोट धरून हसले.

हसून झाल्यावर रडू आलं, तेही सांगून टाकते. मनातून मी घाबरले होते, की रेघ एकच आली तर तुमच्यासमोर कशी उभी राहू.

संध्याकाळी

सकाळचं खोडत नाही, पण ते खरं धरू नका.

पट्टी घेऊन नाचत शहापूरला गेले होते, डॉक्टर नम्रता मॅडमकडे. आमच्या संघाचे गुडघे-खांदे त्याच बघतात. त्यांनी पट्टीवरची बारीक अक्षरं वाचली आणि म्हणाल्या, "ही अफूपासून निघालेलं मॉर्फिन ओळखते. ट्रामाडॉल कारखान्यात बनतं, त्याची घडण वेगळी. ही पट्टी त्याला बघतच नाही. तू ट्रामाडॉलची गोळी गिळून आली असतीस तरी दोन रेघाच आल्या असत्या." मी म्हटलं, मग त्यांना कसं सापडलं? तर त्यांची यंत्रं लघवीतला एकेक पदार्थ वेगळा काढून त्याचं वजन बघतात. तिथे काही लपत नाही.

मग त्यांनी विचारलं, "पूड आणखी कोण घेतं?" मी म्हटलं, सगळा मुलूख घेतो, आणि आमचे आबा स्वतः गुडघ्यांसाठी रोज दोन वेळा घेतात. गुण किती आहे ते पटावं म्हणून दिवाळीची गोष्टही सांगितली, चकलीसकट. नेहमी या गोष्टीला लोक हसतात. मॅडम हसल्या नाहीत. "जांभया येत होत्या? नाक गळत होतं? पाय झटकत होते?" एकेक पुन्हा विचारलं, जसं काही मी पहिल्यांदा सांगितलंच नव्हतं. मग म्हणाल्या, पुडी माझ्याकडे दे, पुण्याला प्रयोगशाळेत पाठवू.

मी दिली, आबा. लाल फडक्यासकट दिली. तुम्हाला न विचारता. निकाल यायला वेळ लागेल. तोवर तुम्ही शिव्या द्या, पण द्या तरी.

निशी


वाशिंद, ४ मार्च

आबा,

हे पत्र खाटेवर बसून वाचा. उभ्यानं नको.

पुडीत मुळं आहेत, साली आहेत, आणि ट्रामाडॉल आहे.

मी ते छापील वाक्य वाचून मॅडमना म्हटलं, "दुसऱ्या कोणाची पुडी असेल." अगदी तेच, जे मी बाटल्यांबद्दल म्हटलं होतं. मग त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसून राहिले. बाहेर पेशंट खोळंबले तरी त्यांनी मला उठवलं नाही.

एक अख्खा दिवस माझ्या मनात तुम्ही होतात. लपवत नाही. मग आठवलं, एका बागायतदारानं तुमच्या खाटेवर नोट ठेवली होती तर तुम्ही ती काठीनं खाली पाडलीत आणि हात धुतलेत. मूळ खणायच्या आदल्या दिवशी झाडाला अक्षता वाहून 'उद्या न्यायला येतो' म्हणून आवतण देणारा माणूस त्यात दवाखान्याची गोळी घालेल? नाही. मुळं तुम्ही आणता. सुकवता तुम्ही. पण कुटतं कोण, वस्त्रगाळ कोण करतं

वरचं वाक्य अर्धं सोडलं होतं. पुढे लिहून खोडलंय तेही तुम्हाला दिसतंय. आता सरळ लिहिते, कारण लपवलं तर तुम्ही वाडीतल्या भलत्याच माणसावर संशय घ्याल.

आईला मी इथे बोलावलं. आत्या बाजारात गेलेली बघून कागद तिच्यापुढे ठेवला. तिनं वाचला, घडी घातली, आणि म्हणाली, "मी काय वीख घातलं नाय."

हे कोण म्हणत होतं? माझी आई, जी उकळलेलं दूध झाकायला विसरली तरी देवाची माफी मागते.

"तुज्या आबांचे गुडघे गेले," ती म्हणाली. "डोंगर चढवंना. मुळं आनायला दुसऱ्याला धाडावं तं नाव सांगाया लागंल. नाव सांगितलं तं गुन जाईल. मंग पायथ्याला जे मिळंल ते आनायचे. आधी कुटताना माजी बोटं पिवळी व्हायची, ती व्हायची बंद झाली. मला कळलं ना तवाच. लोकांना गुन येईना. चावडीवर बोलाया लागले, धाऊच्या हातातला गुन गेला. तुजे आबा दोन घास खाऊन ताट सारायचे. बोलायचे नाय, पन मी बघत व्हते."

तेव्हाच आई माळ्यावरून पडली होती, आठवतंय? पाठीला लागलं, दवाखान्यातून गोळ्या लिहून दिल्या. दोन घेतल्यावर तिला चक्कर आली म्हणून तिनं उरलेल्या ठेवून दिल्या. पण पाठ थांबली, हे तिच्या लक्षात राहिलं. "सकुबाई हात मोडून आली, वरडत व्हती. म्हटलं, डॉक्टरनं दिल्यालं औशद हाय, वाईट कसं असंल? कुटून घातली. फुडच्या रविवारी ती नारळ घेऊन आली, आबांच्या पाया पडली. त्या राती आबांनी भाकरी मागून घेतली गो."

पुढे जुन्या चिठ्ठीवरच दुकानदार देत राहिला आणि आई कुटत राहिली. तुम्हीही तीच पूड घेत होतात. गुडघे हलके झाले आणि तुम्ही पुन्हा डोंगर चढलात. पंच्याहत्तरीत डोंगर चढतो आमचा म्हातारा, असं मी गावभर सांगत फिरले. आईची बोटं पुन्हा पिवळी झाली, पण गोळी बंद करायची तिची छाती झाली नाही. "न जानो गुन परत गेला तं?"

मी आईवर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा. म्हटलं, तू माझं मैदान घालवलंस. ती म्हणाली, "तुज्या पुडीतपन हाय हे माज्या ध्यानातच आलं नाय. मी आबांचं बघत व्हते." मग ती उठली आणि आत्याची भांडी घासायला लागली, घासलेलीच. मला तिचा राग येतो आणि दया येते, आणि यातलं काय आधी येतं ते कळत नाही.

आता दिवाळी आठवा. तो साधा आजार नव्हता, आबा. अंगाला गोळीची सवय झाली की ती न मिळाल्यावर अंग असंच मागतं. जांभया, नाक, घाम, पाय, पोट. मॅडमनी मला न विचारता सगळी यादी सांगितली. स्पर्धेनंतर माझी पूड मध्ये संपली होती तेव्हा मलाही दोन दिवस असंच झालं. मी म्हटलं, दमणूक. आणि सकुबाई दर रविवारी दर्शनाला येत नाही. आम्ही किती हसलो तिला.

एक गोष्ट नीट वाचा. पूड एकदम बंद करू नका. वाढवूही नका. इतक्या वर्षांची सवय एका दिवसात तोडली तर अंगाचे हाल होतात. मॅडम म्हणतात, ती मोजून-मापून हळूहळू उतरवता येते, सगळ्यांची, पण आधी ज्याला त्याला कळायला हवं की आपण काय घेतोय.

आता माझं. बारा तारखेच्या आत मला लिहून द्यायचंय की औषध पोटात कसं गेलं. खरं लिहिलं आणि सिद्ध झालं तर शिक्षा पुष्कळ कमी होईल, कदाचित होणारही नाही. पण खरं लिहायचं तर 'आजोबांची पूड' असं लिहावं लागेल. तुमचं नाव, गाव, सगळं. ते विचारायला येतील. पेपरात येईल. आई म्हणते, "आबांना सांगू नको, आबा जेवायचे नाय. तू लिही, आईनं पायासाठी नकळत तिची गोळी दिली. मी सही करते." तेवढ्यानं कदाचित मीही सुटेन. तुमचा गुण शाबूत राहील. अंगण रविवारी भरेल. आणि पुडीही चालू राहील.

आईचं मी ऐकलं नाही, एवढं तुम्हाला दिसतंच आहे. पण तुमचं नाव तुमच्या होकाराशिवाय कागदावर घालणार नाही, आणि खोटंही लिहिणार नाही. तुम्ही नको म्हणालात तर गप्प बसेन. दोन वर्षं भात लावीन. भाकरी गोल करायला शिकेन.

काहीतरी कळवा. आईशी बोलणं टाकू नका. ती चुलीशी बसून तुमच्या ताटाकडे बघत असेल.

निशी


वाशिंद, १० मार्च

आबा,

तुम्हाला वाटत असेल, निशीला कालचं माहीतच नाही. मी सगळं ऐकलं.

आईनं सकाळी फोन लावला आणि एवढंच म्हणाली, "अंगणात उभे राह्यलेत. काय करनार हायेत मला ठाव नाय. तू आइक." मग तिनं फोन ओसरीच्या कठड्यावर ठेवला असावा, कारण कोंबड्या कानाशी आल्या. आत्या आणि मी इथे डोक्याला डोकं लावून बसलो.

तुम्हाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही म्हणून तुम्ही मोठ्यानं बोलता. काल वेशीपर्यंत गेला असेल.

तुम्ही म्हणालात, "बसा समदी. आज पाला नाय, पूड नाय. आज नाव सांगतो."

कोणीतरी बाई म्हणाली, "नको धाऊबा, गुन जाईल." तुम्हाला ते ऐकू आलं नाही, किंवा आलं. तुम्ही सुरू केलंत. हाडसांधी. निरगुडी. लाजाळूचं मूळ. अर्जुनाची साल. रानहळद, जी डोंगरावरच मिळते. आत्या माझा दंड दाबून धरून बसली होती. तिच्या बापानं लेकाला सांगितलं नाही, मरताना सांगेन म्हणाला, ते तो अंगणात उभा राहून परक्या माणसांना सांगत होता. आणि मला काय वाटलं सांगू? एवढंच? निरगुडी तर आपल्या कुंपणाला आहे. लाजाळूला मी शाळेच्या वाटेवर पायानं मिटवत जायचे. ज्या नावांसाठी मी कोटवाल्या बाईंसमोर पेन थांबवलं, ती ही नावं.

मग तुम्ही थांबलात. मला वाटलं, संपलं.

"आनि गोळी," तुम्ही म्हणालात. "दवाखान्याची गोळी. दुखनं मारते ती. तुमाला गुन यायचा तो तिचा. माजा नाय. कोनी घातली ते इचारू नका. घरातलंच मानूस हाय, माज्यापायी घातली."

आईचा हुंदका फोनच्या अगदी जवळ आला. म्हणजे ती कठड्यापाशीच उभी होती.

"माज्या नातीला त्यापायी मैदानातून काढलं. मी तिच्याशी बोललो नाय. तिनं इचारलं तं पाय मागं घेतले." मग काठी आपटल्याचा आवाज आला. "नाव सांगितलं. गुन गेला. जा आता घरी. शहापूरला डॉक्टरीन हाय, ती बघंल तुमाला. मी पन जानार हाय."

माणसं उठल्याचे आवाज आले. चपला, कुबड्या, कोणाचं तरी पुटपुटणं. कोणी शिवी दिली तीही ऐकली, आणि ती तुम्हाला ऐकू आली नाही याचं बरं वाटलं. जीप सुरू झाल्या. मग सगळं शांत झालं. मी फोन ठेवणार इतक्यात सकुबाईचा आवाज आला. ती गेलीच नव्हती. तुमच्या कानाशी येऊन बोलली असणार, नाहीतर तुम्हाला कळलं नसतं.

"गुन गेला तं जाऊ दे रे धाऊदादा. पूड तेवडी दे."

ती पुन्हा म्हणाली. रडत होती, आबा. ज्या म्हातारीला आम्ही हसायचो ती लहान पोरासारखी मागत होती, आणि तिच्या हाताला दुखत नव्हतं हे आता आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

तुम्ही म्हणालात, "मलापन पायजे, सकू. म्हनून तं सांगितलं."

तुम्ही ते हळू बोललात. एवढ्या वर्षांत मी तुम्हाला हळू बोलताना ऐकलं नव्हतं. आत्यानं माझ्या हातातून फोन घेतला आणि बंद केला, आणि आम्ही दोघी स्वयंपाकघरात उभ्या राहिलो. भात करपल्याचा वास आला तेव्हा हललो.

आज माझा जबाब लिहून दिला. कालचं तुमचं बोलणं हाच होकार धरला आणि खरा दिला, तुमच्या नावासकट. आईनंही तिचा लिहून दिलाय. प्रशिक्षक म्हणतात, आशा आहे. सुनावणी शिमग्यानंतर. ते तुम्हालाही विचारतील. मी सांगून ठेवलंय की आजोबांना कानाशी जाऊन विचारावं लागतं, एकदा विचारलं की मात्र ते सांगतात.

बुधवारी मॅडमनी तुम्हाला आणि सकुबाईला बोलावलंय. तोवर पूड नेहमीइतकीच, ना जास्त ना कमी. बाबा जीप आणतील. सकुबाईला पुढे बसवा, तिला मागे मळमळतं. आईला घरी ठेवू नका, तिला शेजारी बसवा आणि वाटेत तिच्याशी चार शब्द बोला. तिनं कालपासून काही खाल्लं नाही असं बाबा म्हणाले.

मी शहापूरच्या स्टँडवर उभी असेन. चारचौघांत तुमच्या पाया पडणार आहे. या खेपेला पाय मागे घेऊ नका.

तुमची,
निशी